गॅस बंद केल्यानंतरचा स्वयंपाक: घरचं रोजचं जेवण पौष्टिक आणि निर्धोक कसं ठेवाल

स्वयंपाकघरात जपून राहायची जागा कुठली, असं विचारलं तर कुणी गॅस म्हणेल, कुणी विळी, कुणी कुकर. मी ओटा म्हणते. तोही रात्रीची जेवणं आटोपल्यानंतरचा. उरलेला भात पातेल्यात झाकलेला असतो, रश्श्यावर ताटली असते, आणि 'जरा निवू दे, मग फ्रिजमध्ये टाकू' असं म्हणून घरातले सगळे बाहेर जाऊन बसलेले असतात.

हे मला कळलं ते एका केळवणाच्या दुसऱ्या दिवशी. रात्री वीस-बावीस माणसं जेवून गेली आणि मसालेभात बराच उरला. मोठं पातेलं, वर घट्ट झाकण, मे महिना. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून ते रात्रभर ओट्यावरच राहिलं. सकाळी वास घेतला, दोन शितं चाखली, काही वावगं वाटलं नाही. चांगली दणदणीत वाफ काढली, वरून तूप सोडलं आणि अकराच्या सुमाराला सगळ्यांनी खाल्ला. दीड वाजेपर्यंत चौघांना उलट्या सुरू झाल्या होत्या. आई दिवसभर एकच म्हणत होती, "अगं, पण गरम केला होता की!"

केला होता, आणि मेख तिथेच आहे. भाताच्या बाबतीत ज्याची भीती असते तो जिवाणू म्हणजे बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू तांदळात मुळातच असू शकतात आणि भात शिजताना उकळत्या पाण्यातही ते टिकून राहतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळून नष्ट होत नाही. वासावरून कळत नाही, चवीवरूनही नाही. उलट्या अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत सुरू होतात. डॉक्टरांनी भाताकडेच बोट दाखवलं. म्हणजे आमची चूक सकाळी अकराची नव्हती, आदल्या रात्री दहाची होती.

तेव्हापासून मी प्रत्येक पदार्थाला घड्याळ जोडलं आहे. पुढे सांगते ते सगळं आपल्या नेहमीच्या जेवणाबद्दल आहे: उसळ, भाकरी, पालेभाजी, भात, रविवारचं चिकन आणि मासे.

वाणसामानाच्या यादीवरून ताट ओळखा

आधी पौष्टिकतेचं बघू, कारण ते गॅस पेटवायच्या आधी ठरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यातलं प्रमाण साधारण असं: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

रोज वजनकाटा घेऊन कोण बसणार? मी महिन्याच्या यादीवरून हिशेब करते. चौघांचं घर, माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं, तेव्हा साडेतीन पिशव्या झाल्या, आणि तूप-लोणीही त्यातच आलं. आमच्याकडे पूर्वी पाच लिटरचा डबा महिनाअखेरीला खडखडायचा, वर तूप वेगळं. एवढा आकडा समोर आला की 'मी तेल कमीच वापरते' हे आपोआप बंद होतं.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल तर जास्त होतंय. शिवाय पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची बिस्किटं यांतलं मीठ या पिशवीत धरलेलंच नाही.

आपल्या ताटाची मांडणी मुळात चांगली आहे, बिघडलंय ते प्रमाण. डाव्या बाजूला चमचाभर कोशिंबीर, उजवीकडे पळीभर भाजी आणि मध्ये भाताचा डोंगर. कोशिंबीर वाटीभर करा, भाजी दोन पळ्या वाढा, भाताची मूद खरोखर मुदीएवढी ठेवा. काही नवं रांधायला लागत नाही. आणि चहा जेवणानंतर लगेच नको. कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला चहा आड येतो, उलट उसळीवर पिळलेलं लिंबू मदत करतं.

कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालता तर दाणे भाजण्याआधी नीट निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे सरळ टाकून द्यायचे. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने ते पुरतं जात नाही. कूट खाताना एखादा घास कडू-खवट लागला तर तो गिळू नका. आम्हाला लहानपणी 'एवढ्याने काय होतंय' म्हणून गिळायला लावायचे.

मटकीची उसळ, आदल्या सकाळपासून

चौघांसाठी १५० ग्रॅम मटकी पुरते. मोड आल्यावर ती सहज दुपटीच्या वर जाते.

१. मटकी परातीत पसरून निवडा. खडे तर असतातच, पण भोकं पडलेले दाणेही काढा. तीनदा चोळून धुवा. तिप्पट पाण्यात, पिण्याच्याच पाण्यात, आठ तास भिजवा. सकाळी आठला घातली की दुपारी चारला तयार. उन्हाळ्यात पाण्यावर फेस आला किंवा आंबूस वास यायला लागला तर भिजवण लांबलंय असं समजा.

२. भिजवलेलं पाणी टाकून द्या. रोवळीत निथळून पुन्हा एकदा धुवा आणि सुती फडक्यात सैलसर बांधून ठेवा. हे फडकं हात पुसायचं नव्हे, मोडासाठी वेगळं ठेवलेलं, उकळून उन्हात वाळवलेलं हवं. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच सालमोनेलासारख्या जिवाणूंनाही मानवते. धान्यावर थोडे असतील तर मोड येईपर्यंत ते अफाट वाढतात. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत वीस-चोवीस तास लागतात.

३. मोड अर्धा सेंटिमीटर झाले की पुरे. गाठोडं सोडताना नाक जवळ न्या. ओल्या मातीसारखा, हिरवट वास हवा. आंबट वास आला किंवा बोटाला तार धरली तर धुऊन वापरायचा मोह टाळा, टाकून द्या. लगेच करणार नसाल तर मोड फ्रिजमध्ये.

४. कढईत चार लहान चमचे तेल, म्हणजे २० मिलिलिटर. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मटकी घालून दोन मिनिटं परता, मग आधणाचं पाणी घाला. गार पाणी घातलं तर उकळी लांबते आणि मटकी धड शिजत नाही, धड कोरडी राहत नाही.

५. उकळी आली की झाकण ठेवून बारा ते पंधरा मिनिटं. एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. सहज फुटला पाहिजे, पण पीठ होता कामा नये.

६. आमसूल, चिंच, टोमॅटो हे सगळं दाणा शिजल्यावर. आंबटात कडधान्य मऊ व्हायला वेळ घेतं. 'आज मटकी शिजतच नाहीये' ही तक्रार पुष्कळदा आधी घातलेल्या टोमॅटोची असते. लवकर शिजावं म्हणून सोडा घालू नका, त्याने ब-१ जीवनसत्त्व जातं. शेवटी गूळ, गोडा मसाला, मीठ आणि खोबरं.

कच्चे मोड पौष्टिक म्हणून खाण्याची पद्धत आहे. धडधाकट माणसाने खावेत की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणसं आणि आजारातून उठलेलं कुणी असेल त्यांना मी वाफवल्याशिवाय देत नाही. पाच मिनिटं वाफ काढली तरी कुरकुरीतपणा राहतो.

राजमा वेगळा

राजम्याला उसळीचे नियम पुरत नाहीत. लाल राजम्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही जोरदार उलट्या-जुलाब व्हायला पुरतात. निदान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळून उकळा. उकळी किमान दहा मिनिटं चालू राहिली पाहिजे, अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन तीस मिनिटं सांगतं. आपल्या प्रेशर कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला जातं, तेव्हा तिथे काळजी नाही. परदेशातल्या मराठी घरांत मात्र सकाळी स्लो कुकर लावून कामाला जायची सवय असते. त्याचं पाणी पुष्कळदा उकळीला पोचतच नाही, आणि ८० अंशाला अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. आधी पातेल्यात उकळा, मग काय ते स्लो कुकरमध्ये घाला.

कुकरवरून आठवलं. शिट्ट्या मोजणं हे काही माप नव्हे. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात, मंद आचेवर तेवढ्याच पंधरा मिनिटांत. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि मिनिटं मोजा: भिजवलेली तूरडाळ आठ-दहा, भिजवलेला राजमा किंवा हरभरा पंधरा ते वीस. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. डाळ फेसाळते, म्हणून ती अर्ध्यापर्यंतच. शिट्टीचं भोक उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघा, रबर कडक झालं असेल तर बदला, आणि वाफ पुरती गेल्याशिवाय झाकणाशी झोंबू नका.

भाकरी आणि पालेभाजी

भाकरीबद्दल थोडकंच. ज्वारीचं पीठ महिन्याचं एकदम दळून आणू नका, आठ-दहा दिवसांचं आणा. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीचं तर त्याहून ताजं हवं, तिच्यातल्या स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडू होतं. विरी गेलेल्या पिठावर उकळतं पाणी घालून मळलं की काम निभतं. तेल लागत नाही, मीठ नाही घातलं तरी चालतं, म्हणून मला रात्रीच्या जेवणाला पोळीपेक्षा भाकरी बरी वाटते. तव्यावरून उतरून फुगली की खाल्ली, तिच्यात बिघडण्यासारखं काही उरत नाही.

पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलीत तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, जुडी सोडून पानं त्यात बुडवा, हलवा आणि *पानं वर उचलून घ्या*, पातेलं पालथं करू नका. पालथं केलंत की तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पावसाळ्यात तळाचं पाणी बघितलं की तीन पाणी का लागतात ते कळतं. चिरलेली पालेभाजी तिच्या अंगच्याच पाण्यात पाच-सात मिनिटांत शिजते.

अळू खाजतं ते त्यातल्या ऑक्सलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. फतफत्यात चिंच किंवा आंबट ताक असतं ते नुसतं चवीला नाही. देठ सोलताना हाताला तेल लावा आणि अळू नीट गाळ शिजवा. हिरवट पडलेला, कोंब आलेला बटाटा असेल तर तो भाग सोलून जाड कापून टाका. सगळाच हिरवा असेल तर बटाटाच टाका.

आंबट पदार्थ पितळेच्या पातेल्यात करायचा असेल तर कल्हई ताजी हवी. कल्हई गेलेल्या पितळेत आमटी किंवा ताक कळकतं, म्हणजे धातू उतरून बिघडतं, हे आज्यांना माहीत होतं. हल्ली पितळी भांडी पुन्हा फॅशनमध्ये आली आहेत, कल्हईवाला मात्र सापडत नाही. सापडेपर्यंत ती भांडी पाण्याला आणि शोभेला बरी.

रविवारचं चिकन

बाजारात चिकन सगळ्यात शेवटी घ्या. भाजीच्या पिशवीत नको, वेगळ्या पिशवीत, आणि घरी पोचायला तासाच्या वर लागणार असेल तर सोबत बर्फ. घरी आल्यावर पहिला प्रश्न धुण्याचा. पाश्चात्त्य देशांतल्या आरोग्य यंत्रणा कच्चं चिकन धुऊच नका असं सांगतात, कारण नळाच्या धारेखाली उडणारे शिंतोडे जिवाणूंना सिंकभर, ओटाभर पसरवतात. आपल्याकडे दुकानातून आलेल्या तुकड्यांवर पिसं, हाडांचा चुरा, रक्ताच्या गुठळ्या असतात, तेव्हा न धुता घ्यायला मन धजत नाही. मी मधला मार्ग काढते: खोल पातेल्यात पाणी भरून त्यात तुकडे सोडते, हाताने अलगद साफ करते, पाणी सिंकमध्ये हळू ओतते. धार नाही, शिंतोडे नाहीत. मग पातेलं, सिंक, नळाची चावी आणि हात साबणाने धुते. नळाची चावी बहुतेक जण विसरतात. चिकनच्या हाताने आपण तीच उघडलेली असते आणि नंतर त्याच नळाखाली काकडी धुतो.

चिकन कापायची पाटी आणि सुरी वेगळी ठेवा. दोन पाट्या परवडत नसतील तर आधी कोशिंबीर चिरून घ्या, मग चिकन घ्या; उलटा क्रम नको. हळद-मीठ-आलं-लसूण लावलं म्हणजे ते जंतुमुक्त झालं असं नसतं. मुरवण फ्रिजमध्येच, तेही सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे पाणी गळलं तरी दह्यावर पडणार नाही.

रस्सा आमच्याकडे असा होतो. ७५० ग्रॅम चिकनला दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर कोरडंच भाजून घ्यायचं. खोबऱ्याला स्वतःचं तेल असतं, वेगळं घालायची गरज नाही. लसूण, आलं, धणे, थोडी खसखस घालून वाटण. पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, वाटण, कांदा-लसूण मसाला, कडेने तेल सुटेपर्यंत परतणं. मग चिकन घालून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं, तुकड्यांचा रंग सगळीकडून पांढरा होईपर्यंत. मग आधणाचं पाणी, उकळी, झाकण आणि मध्यम आचेवर पंचवीस मिनिटं. मुरवणाच्या भांड्याला लागलेला मसाला वाया जाऊ नये म्हणून तो विसळून घालायचा असेल तर *याच वेळी* घाला, उतरवताना नको.

शिजलं की नाही हे कसं ओळखायचं? मांडीचा सगळ्यात जाड तुकडा काढून सुरीचं टोक हाडापर्यंत घाला. येणारा रस स्वच्छ हवा, मांस हाडापासून सुटायला हवं. नुसत्या रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज रंग सोडतो आणि पूर्ण शिजलेला तुकडाही हाडाजवळ लालसर दिसतो. पक्की खूण तापमानाची: आतून ७४ अंश सेल्सिअस. खुपसायचा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. घरात आणला तेव्हा माझी भरपूर चेष्टा झाली. आता जावई तंदुरी करतो तेव्हा तोच मागून नेतो.

मासा: इथे शिजवण्याचा उपयोग नाही

बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांची एक खोड आहे. पकडल्यावर ते गरमीत राहिले की जिवाणूंमुळे मांसात हिस्टामिन तयार होतं. एकदा तयार झालं की तळून, उकळून, तिरफळ घालून, कशानेच जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंग खाजतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. लोक म्हणतात 'मला बांगड्याची अॅलर्जी आहे', आणि पुढच्या वेळी ताजा बांगडा खाऊन काहीच होत नाही तेव्हा बुचकळ्यात पडतात. असा त्रास झाला तर डॉक्टरांना मासा कुठला आणि कधी खाल्ला ते सांगा, म्हणजे खऱ्या अॅलर्जीशी गल्लत होणार नाही.

त्यामुळे माशाचा सगळा निकाल बाजारातच लागतो. बर्फातला मासा घ्या. कल्ल्यावरचं झाकण उचलून बघा, आत लालभडक हवं, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत. बोटाने दाबलं तर खळगा राहायला नको. आणि खाताना जिभेला चुरचुरलेला घास तिथेच थुंकून द्या. मासे घ्यायला जाताना मी बर्फाची पिशवी घालून थर्माकोलचा जुना डबा नेते. कोळीण ओळखीची असली की हसते, पण वरून मूठभर बर्फही टाकते.

गॅस बंद. आता घड्याळ लावा

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. आपल्या घराचं तापमान वर्षभर याच्या आत असतं. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, आणि खोलीत पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात हा 'एक तास' दिवसाचा नियम आहे आणि रात्रीचाही.

अडचण अशी की मोठं पातेलं दोन तासांत निवतच नाही. वरून कोमट लागतं, मध्यभागी तास न् तास ऊब टिकते. रश्श्यात, दाट आमटीत, मसालेभातात हीच ऊब घात करते. मांसाच्या आणि कडधान्याच्या मोठ्या भांड्यांत तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा दुसरा जिवाणू याच कारणाने वाढतो. त्याचेही बीजाणू शिजवून मरत नाहीत.

मी करते ते असं. जेवायला बसायच्या आधी, नंतर नाही, उद्यासाठी लागणारं वेगळं काढते. भात परातीत किंवा ताटात पसरते, दोन बोटांपेक्षा उंच थर नाही. रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत. फार असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून डावाने ढवळते, पाणी तापलं की बदलते. दहा-पंधरा मिनिटांत चटका जातो. मग झाकण किंचित तिरपं ठेवून फ्रिजमध्ये, पूर्ण गार झाल्यावर घट्ट. 'गरम घातलं तर फ्रिज बिघडतो' हे उकळतं पातेलं आत ठेवणाऱ्यांसाठी ठीक आहे, पसरट डब्यातल्या कोमट भाताने काही होत नाही.

फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. कोंबून भरला की आत गार हवा फिरत नाही, आणि केळवण असो की गणपती, नेमका तेव्हाच तो कोंबलेला असतो. असे दिवस असतील तर आदल्या दिवशी बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, साखरेचा डबा बाहेर काढून एक कप्पा रिकामा करा. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याच्या वर गेलं तर रस्सा, मासे, भात, दूध यांचा मोह सोडा. लोणचं, तूप, अख्ख्या भाज्या यांना काही होत नाही.

डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, उसळ-रस्सा दोन दिवसांत. गरम करताना लागेल तेवढंच काढा आणि एकदाच गरम करा. पातळ पदार्थाला कडेने बुडबुडे येऊन भागत नाही, मधोमध रटरट उकळी यायला हवी. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एकदा बाहेर काढून ढवळा, नाहीतर कड चटका देते आणि मध्य गारच राहतो. सकाळचा फोडणीचा भात मीही करते, पण रात्री वेळेत फ्रिजमध्ये गेलेल्या भाताचा.

डब्याचं काय?

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. सहा तास. दोन तासांचा नियम इथे उघडउघड मोडतो आणि तरीही लाखो लोक रोज डबा खातात. पोळी आणि परतलेली कोरडी भाजी यांत पाणी कमी असतं, म्हणून निभतं. भिजलेलं, दाट, ओलं खोबरं पडलेलं, तेच आधी बिघडतं. उन्हाळ्यात डब्यात ओल्या नारळाची चटणी, मासे आणि साधा भात देणं मी बंद केलं आहे. त्याऐवजी लसणाची किंवा दाण्याची कोरडी चटणी. वरण-भात हवाच असेल तर दुहेरी भिंतीचा थर्मास डबा घ्या. त्यात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ओतून टाका, आणि वरण गॅसवरून उकळतं असतानाच भरा, काठोकाठ. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. पहिल्या दिवशी मुलाला सांगा, झाकण उघडल्यावर वाफ येते का बघ. वाफ आली नाही, बोट बुडवून कोमट लागलं, तर तो डबा एवढी ऊब धरत नाही. त्यात पुढच्या दिवसापासून पोळीचे तुकडे आणि भाजी द्यायची.